‘आमच्या ग्रुपमध्ये हे चालतंच’: कॉलेजच्या ग्रुपमधलं रॅगिंग आणि नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रॅगिंग म्हटलं की डोळ्यांपुढे हॉस्टेलची खोली येते, रात्रीचे दोन वाजलेले आणि भिंतीला लागून उभी केलेली पोरं. तसं होतंच. पण कॉलेजच्या अँटी-रॅगिंग समितीवर असताना माझ्यापर्यंत जे आलं, त्यातलं बरंचसं नाटकाच्या ग्रुपमधून, गॅदरिंगच्या कमिटीतून, कबड्डीच्या संघातून, टेक-फेस्टच्या टीममधून आलेलं होतं. तिथे पोरं स्वतःहून गेलेली असतात आणि त्यांना तिथेच राहायचं असतं. त्यामुळे ती बोलत नाहीत, आणि बोलली तरी पहिलं वाक्य ‘मॅडम, तक्रार नाहीये हां’ असं असतं. त्या वाक्यानंतर जे प्रश्न यायचे, ते इथे आहेत.

आमच्याकडे रॅगिंग नाही, फक्त ‘इंट्रो’ असते. तीपण चालत नाही?

नाव, गाव, आधी कुठे काम केलंय, काय आवडतं हे विचारणं म्हणजे ओळख. त्याला कुणाची हरकत नाही. पण तीच इंट्रो शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडे बघत, मान खाली घालून, सिनिअरला ‘सर’ म्हणत, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून द्यायची असेल, तर तो वेगळा प्रकार झाला.

‘महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९’ मधली व्याख्या बहुतेकांना वाटते त्यापेक्षा खूप रुंद आहे. शारीरिक किंवा मानसिक इजा होईल, भीती, लाज किंवा संकोच वाटेल असं कुठलंही बेशिस्त वर्तन तिच्यात येतं. चिडवणं, शिवीगाळ, धमकी, थट्टेचे प्रयोग हेही येतं. आणि एक कलम मला फार नेमकं वाटतं: विद्यार्थी एरवी स्वखुशीने जे करणार नाही, ते त्याला करायला सांगणं. मारहाण झालीच पाहिजे असं कुठेही नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी एक साधी कसोटी आहे. समोरच्याने ‘नाही, मी हे करणार नाही’ म्हटलं तर काय होतं? ‘बरं, बस’ म्हणून गाडी पुढे गेली, तर ती मजा होती. एकदम शांतता पसरली, कुणीतरी ‘याला फार शहाणपण सुचतंय’ म्हणालं, पुढच्या आठवड्यात त्याची भूमिका गेली, तर ती मजा नव्हती.

मी स्वतःच ‘हो’ म्हणालो होतो. हसलोही होतो. आता तक्रार कशी करू?

करता येते. बारा सिनिअर समोर बसलेत, कास्टिंग त्यांच्या हातात आहे आणि तुम्ही कॉलेजात येऊन तीन आठवडे झालेत, अशा वेळच्या ‘हो’ला फारसं वजन नाही. हसण्याचंही तसंच. घाबरलेला माणूस हसतो. समितीसमोर ‘पण तो तर हसत होता’ असं म्हणत व्हिडिओ दाखवणारे सिनिअर मी पाहिलेत. तो व्हिडिओ त्यांच्याच विरुद्धचा पुरावा आहे, हे त्यांच्या लक्षात आलेलं नसायचं.

बॅकस्टेजला सेट उचलणं, चहा आणणं, तालमीनंतर हॉल झाडणं. हेही रॅगिंग का?

हा सगळ्यात अवघड प्रश्न. खरं सांगायचं तर कामाला मी रॅगिंग म्हणणार नाही. पुरुषोत्तम, फिरोदिया किंवा लोकांकिका या आंतरमहाविद्यालयीन नाट्यस्पर्धांच्या दिवसांत कुठल्याही कॉलेजच्या हॉलवर जा, कुणीतरी प्लायवूड कापत असतं, कुणी रंग देत असतं, कुणी प्रॉपर्टीची, म्हणजे नाटकात लागणाऱ्या सामानाची, यादी घेऊन रडकुंडीला आलेलं असतं. बॅकस्टेज ही मोठी शाळा आहे. मी तिथेच शिकले.

बघायचं ते हे, की काम नाटकाचं आहे की सिनिअरचं. लेव्हल, म्हणजे रंगमंचावरचे लाकडी चौथरे, उचलणं नाटकाचं काम. सिनिअरचं जर्नल उतरवून देणं, सबमिशनच्या फाइलींना कव्हर घालणं, त्याच्या रूमवर डबा पोचवणं, त्याच्या गाडीत स्वतःच्या पैशाने पेट्रोल टाकणं ही नाटकाची कामं नाहीत. दुसरं म्हणजे काम सगळे करतात की फक्त पहिलं वर्ष? चहा आणायची पाळी दिग्दर्शकावरही येते त्या ग्रुपमध्ये चहा हा फक्त चहा असतो. तिसरं, काम चुकलं तर काय? ‘खिळा वाकडा ठोकलास, काढ आणि परत ठोक’ हे शिकवणं. ‘खिळा वाकडा ठोकलास, आता मैदानाला दहा चकरा मार आणि प्रत्येक चकरीला तुझ्या बापाचं नाव घे’ यात शिकवण्यासारखं काय आहे?

खेळाच्या संघांत हे आणखी पुसट होतं, कारण तिथे चकरा हा सरावाचाच भाग असतो. सरावाच्या वेळी, कोचसमोर, सगळ्या संघाला दिलेल्या चकरा वेगळ्या. रात्री अकराला कॅप्टनने एकट्याला मारायला लावलेल्या वेगळ्या.

प्रत्यक्ष काही नाही, सगळं व्हॉट्सॲप ग्रुपवर चालतं.

चालतं म्हणजे होतंच. पहाटे तीनला ‘सगळ्यांनी दोन मिनिटांत प्रेझेंट टाका’, फोटोंवर स्टिकर बनवणं, ग्रुपमधून काढून पुन्हा घेताना माफीचा व्हॉइस मेसेज मागणं, एकालाच वाळीत टाकणं. सिनिअर ज्युनिअरांना छळण्यासाठी असे अनौपचारिक ग्रुप करतात याची दखल विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, घेतलेली आहे. हाही प्रकार रॅगिंगमध्ये मोडतो.

कॉलेजबाहेर घडलं, ट्रेकला. मग कॉलेजचा काय संबंध?

१९९९ च्या कायद्याचे शब्दच ‘संस्थेच्या आत किंवा बाहेर’ असे आहेत. टपरी, भाड्याची रूम, स्पर्धेसाठी गेलेल्या गावातलं लॉज, राजगडावरची रात्र, सगळं त्यात येतं. शिवाय शैक्षणिक संस्थेच्या व्याख्येत वसतिगृह आणि शिकवणी वर्गही आहेत. हा कायदा महाराष्ट्राचा; गोव्यात २००८ चा स्वतंत्र कायदा आहे.

भाषेवरून, गावावरून, जातीवरून बोलणं हे चिडवण्यातच धरायचं ना?

नाही. २०१६ च्या दुरुस्तीने यूजीसीने रॅगिंगची व्याख्या वाढवली. वर्ण, धर्म, जात, लिंग (तृतीयपंथी धरून), लैंगिक कल, दिसणं, प्रदेश, भाषा, जन्मस्थान, राहण्याचं ठिकाण, आर्थिक परिस्थिती यांवरून दिलेला शारीरिक वा मानसिक त्रास आता रॅगिंग आहे, आणि तो नवख्याच विद्यार्थ्याला दिलेला असायला हवा असंही नाही. नाटकाच्या ग्रुपमध्ये ‘तुझा ण आधी सुधार’ हे वाचिक अभिनयाचं मार्गदर्शन असू शकतं. पण वऱ्हाडातून किंवा खानदेशातून आलेल्या मुलाला रोज उभं करून ‘बोल रे तुझ्या भाषेत’ म्हणत हॉल हसवायचा, यात अभिनय कुठेच नाही.

मे २०१९ मध्ये मुंबईत नायर रुग्णालयातल्या निवासी डॉक्टर पायल तडवी यांचा मृत्यू झाला. त्या जळगावच्या, आदिवासी समाजातल्या. वरिष्ठ सहकारी डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला, अटका झाल्या, प्रकरण न्यायालयात गेलं. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांबाबत असं काही घडलं तर रॅगिंगच्या कायद्याशिवाय १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागू शकतो. तक्रारीत जातिवाचक शब्द जसाच्या तसा लिहा. ‘अपशब्द वापरले’ असं सभ्य करून लिहू नका.

तक्रार नेमकी कुठे करायची?

दारं बरीच आहेत. जे उघडेल त्यातून आत जा, क्रम पाळायची सक्ती नाही.

कॉलेजात प्रत्येक ठिकाणी अँटी-रॅगिंग समिती आणि अँटी-रॅगिंग पथक असायला हवं. समिती चौकशीसाठी, पथक अचानक फेऱ्या मारून तपासण्यासाठी. सदस्यांची नावं आणि फोन नंबर प्रवेशाच्या वेळच्या कागदांत आणि सूचनाफलकावर असतात. लेखी अर्ज द्यायचा तर दोन प्रती काढा आणि एकीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्या. हा शिक्का क्षुल्लक वाटतो, पण पुढे सगळं त्यावर चालतं. क्लार्क शिक्का देत नसेल तर वाद घालू नका. तोच अर्ज प्राचार्यांच्या अधिकृत ईमेलवर पाठवा किंवा स्पीड पोस्टाने टाका.

राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. टोल-फ्री, चोवीस तास. अँटीरॅगिंग डॉट इन या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. तिथे आलेली माहिती संस्थाप्रमुख, वॉर्डन, विद्यापीठाचे संबंधित अधिकारी आणि गरजेनुसार जिल्हा प्रशासन व पोलिसांपर्यंत जाते. आपल्याच कॉलेजात कुणावर विश्वास ठेवावा कळत नसेल तर इथून सुरुवात करा. तक्रार क्रमांक मात्र लिहून ठेवा.

ही यंत्रणा कुठून आली तेही सांगते. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या टांडा इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू हा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी सिनिअरांच्या मारहाणीनंतर मरण पावला. माजी सीबीआय संचालक आर. के. राघवन यांच्या समितीचा अहवाल त्याआधी दोन वर्षं, २००७ मध्येच, सर्वोच्च न्यायालयाकडे आलेला होता. यूजीसीचे नियम जून २००९ मध्ये आले. हेल्पलाइन सुरू होण्यामागे अमनच्या वडिलांचा पाठपुरावा होता.

लैंगिक स्वरूपाचा त्रास असेल तर कॉलेजची अंतर्गत तक्रार समितीही आहे. आणि पोलीस ठाणं तर आहेच. हद्द कुठलीही असली तरी ‘झिरो एफआयआर’ नोंदवून घ्यावा लागतो.

अर्जात काय लिहू? मला असलं लिहिता येत नाही.

चांगलं लिहायची गरज नाही, नेमकं लिहायची आहे. ‘सिनिअर मला मानसिक त्रास देतात, माझा आत्मविश्वास खचला आहे’ हे खरं असलं तरी चौकशी करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. त्यापेक्षा असं:

‘दि. ५ ऑगस्ट रोजी रात्री साधारण साडेनऊ वाजता, तालीम संपल्यावर, सेमिनार हॉलमागच्या जिन्यात तृतीय वर्षाच्या अमुक व तमुक यांनी मला थांबवले. शर्ट काढून संवाद म्हणायला सांगितले. मी नकार दिल्यावर अमुक म्हणाला, “मग उद्यापासून येऊ नकोस.” त्या वेळी माझ्या वर्गातले दोघे तिथे होते. एकाने मोबाइलवर चित्रीकरण केले. याआधी २९ जुलैला असाच प्रकार झाला होता.’

तारीख, वेळ, जागा, माणसं, शब्द, साक्षीदार. तारीख नक्की आठवत नसेल तर ‘साधारण’ लिहा, ठोकून देऊ नका. एक तारीख चुकली की समोरचा तिच्यावरच अर्धा तास बोलतो.

पुरावा काहीच नाही.

बहुतेकांकडे नसतो, आणि तक्रार करायला तो आधी हातात असायलाच हवा असा नियम नाही. पण आजपासून गोळा करता येतो. स्क्रीनशॉट घेताना नाव सेव्ह असेल तर नंबरही दिसेल असा घ्या. मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय ग्रुपवर चालू असेल तर त्याच दिवशी चॅट एक्स्पोर्ट करा. मार लागला असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवा आणि कशाने लागलं ते खरं सांगा. ‘जिन्यावरून पडलो’ असं केसपेपरवर एकदा आलं की ते निस्तरायला फार वेळ जातो. आणि घडल्या दिवशी कुणाला तरी, आईला, मावशीला, जुन्या मित्राला, मेसेज करून ठेवा. त्यावर तारीख आणि वेळ आपोआप पडते.

नाव गुप्त राहील?

तक्रारदार आणि साक्षीदार यांची ओळख जपावी, निव्वळ तक्रार केली म्हणून त्यांचं कुठलंही नुकसान होऊ नये, असं यूजीसीचे नियम सांगतात. हेल्पलाइनलाही नाव उघड करू नका असं सांगता येतं.

पण चौदा जणांच्या ग्रुपमध्ये जिन्यातला प्रसंग सांगितला की कोण बोललं हे संध्याकाळपर्यंत कळतं. म्हणून शक्य असेल तर दोघा-तिघांनी मिळून जा. ते जमत नसेल, तर समितीला सांगा की चौकशीत पहिल्या वर्षाच्या सगळ्यांना एकेक करून बोलवा. आम्ही तेच करायचो, मुद्दाम सगळ्यांना सारखाच वेळ बसवून. पहिले तीन महिने दर पंधरवड्याला पहिल्या वर्षाचं निनावी सर्वेक्षण घ्यावं असंही नियमांत आहे. तुमच्याकडे होत नसेल तर ते मागा.

प्राचार्य म्हणतात, ‘करिअरचा प्रश्न आहे, आपसात मिटवा.’

त्यांना नम्रपणे दोन गोष्टी दाखवा. १९९९ च्या कायद्यानुसार तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची असते. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर संबंधिताला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची असते, आणि तथ्य नसेल तर तसं लेखी कळवायचं असतं. यात हयगय केली तर संस्थाप्रमुखाने रॅगिंगला साथ दिली असं मानलं जातं आणि शिक्षा रॅगिंग करणाऱ्याएवढीच. यूजीसीचे नियम तर माहिती मिळाल्यापासून २४ तासांत एफआयआरची अपेक्षा ठेवतात.

हे सगळं प्राचार्यांच्या केबिनमध्ये मोठ्याने म्हणायचं नसतं. अर्जाच्या शेवटी एका ओळीत घालायचं असतं: ‘अधिनियमातील तरतुदीनुसार सात दिवसांत झालेल्या कार्यवाहीची माहिती मिळावी, ही विनंती.’ पुरतं.

‘मिटवणं’ वाईटच असतं असं नाही. कधी कधी विद्यार्थ्यालाच माफी हवी असते, शिक्षा नको असते. पण ते त्याने ठरवायचं, आणि सिनिअरांच्या गराड्यात बसून नाही.

शिक्षा काय होते?

महाराष्ट्रात गुन्हा सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. शिवाय कॉलेजातून काढलं जातं आणि पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही. कॉलेजच्या पातळीवर वर्गातून निलंबन, शिष्यवृत्ती थांबवणं, परीक्षेला बसू न देणं, निकाल रोखणं, हॉस्टेलमधून काढणं, एक ते चार सत्रांसाठी रस्टिकेट करणं, असं बरंच आहे. ग्रुपवाल्यांना झोंबणारी एक शिक्षा यादीत आहे: स्पर्धा, संमेलनं, युवा महोत्सव यांत कॉलेजचं प्रतिनिधित्व करायला बंदी. करणारा सापडत नसेल तर सामूहिक शिक्षेचीही तरतूद आहे. ती मला कधीच आवडली नाही. निर्दोष पोरं चिडतात, आणि राग तक्रार करणाऱ्यावर निघतो.

मी फक्त बघत उभा होतो.

तुम्ही साक्षीदार आहात, आणि साक्षीदारालाही तक्रार करता येते. दरवर्षी प्रवेशाच्या वेळी तुम्ही आणि पालकांनी जे हमीपत्र ऑनलाइन भरलं (बहुतेकांनी न वाचता), त्यात रॅगिंग करणार नाही आणि त्याला साथही देणार नाही असं लिहिलेलं आहे. चित्रीकरण करून पुढे पाठवणारा ‘फक्त बघणारा’ राहत नाही.

मुलगा काही सांगत नाही. आम्हाला कसं कळणार?

नाटकात, खेळात जीव असलेलं पोर अचानक तालमीला जायचं टाळतं, किंवा उलट ताप असतानाही ‘गेलंच पाहिजे’ म्हणतं. पैसे जास्त लागतात. फोन उपडा ठेवला जातो. रात्री मेसेज आला की दचकतं. ‘तुला कुणी त्रास देतं का?’ असं विचारलंत तर ‘नाही’ येईल. ‘तालमीनंतर काय करता रे तुम्ही?’ असं विचारा आणि गप्प बसा. आणि त्याला न विचारता कॉलेजात जाऊन आरडाओरडा करू नका. सिनिअरांच्या भीतीखालोखाल, पोरं घरी न सांगण्याचं हे दुसरं कारण असतं.

जिवाला धोका असेल तर मात्र विचारत बसू नका, ११२ लावा. मनाने खचलेल्या मुलासाठी ‘टेलिमानस’चा १४४१६ हा नंबर मोफत आणि चोवीस तास आहे.

यंदा ग्रुप आमच्या हातात आहे. नेमकं काय बदलू?

आधी इंट्रो उलटी करा. सिनिअरांनी उभं राहून स्वतःची ओळख द्यायची, स्वतःच्या फसलेल्या एंट्रीसकट. एका वर्षी आमच्या पोरांनी हे केलं. नवीन मुलं इतकी हसली की तालीम सुरू व्हायला तासभर उशीर झाला.

निवडीचे निकष कागदावर लिहून लावा. भूमिका कोण, कशी ठरवतं हे माहीत नसेल तर प्रत्येक सिनिअरची खुशामत करावी लागते, आणि रॅगिंग तिथूनच आत शिरतं. तालीम संपायची वेळ ठरवा. संपली की संपली. रात्रीच्या त्या ‘आता जरा थांबा सगळे’ला जागाच ठेवू नका. बाहेरगावी जाताना जबाबदार शिक्षक सोबत हवा आणि दारू नको. पहिल्या वर्षाचं पोर अठराचं असतं, महाराष्ट्रात बिअरलाही २१ पूर्ण लागतात. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये प्रभारी शिक्षकांना घ्या. मजा कमी होईल, मान्य. गमतीचा दुसरा ग्रुप तुम्ही काढणारच, पण तो सक्तीचा नको. वाढदिवसाचे बम्प्स बंद करा. लाथा घालून कुणाचाही वाढदिवस साजरा होत नाही.

यूजीसीच्या नियमांत एक चांगली गोष्ट धूळ खात पडलीय: दर सहा नवीन विद्यार्थ्यांमागे एक मार्गदर्शक सिनिअर. तीच ग्रुपमध्ये आणा. एक अट मात्र हवी: त्या सिनिअरकडे कास्टिंगचा अधिकार नसावा.

अमेरिकेत शिकायला जाणार आहे. तिकडे कसं असतं?

तिकडे याला ‘हेझिंग’ म्हणतात आणि ते मुख्यतः फ्रॅटर्निटी, सोरोरिटी (मुलांच्या आणि मुलींच्या विद्यार्थी-संघटना), खेळांचे संघ, बँड अशा ग्रुपमध्येच होतं. म्हणजे या लेखातलं बरंचसं तिथेही लागू आहे, फक्त दारूचा वाटा खूप मोठा. बहुतेक राज्यांत स्वतंत्र कायदे आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या संघीय कायद्यानुसार विद्यापीठांना हेझिंगच्या घटनांची आकडेवारी आणि दोषी ठरलेल्या संघटनांचे अहवाल जाहीर करावे लागतात. कुठल्या ग्रुपमध्ये जायचं हे ठरवण्याआधी ते वाचा.

मी सिनिअर असताना हे केलंय. आता काय?

मीही केलंय. दुसऱ्या वर्षाला असताना एका मुलाला कट्ट्यावर उभं करून, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर चाळीसेक वेळा एकच वाक्य म्हणायला लावलं होतं. मला वाटत होतं मी त्याचा आवाज मोकळा करतेय. बऱ्याच वर्षांनी एका लग्नात भेटला. त्याला ते वाक्य पाठ होतं, वार लक्षात होता, मी कुठला ड्रेस घातला होता तेही. मी सॉरी म्हटलं. तो ‘ठीक आहे’ म्हणाला आणि जेवणाच्या रांगेत पुढे सरकला.

तुम्ही अजून कॉलेजात असाल तर एकट्याने जाऊन माफी मागा, ग्रुपमध्ये जाहीर नको. माफीच्या बदल्यात ‘मग तक्रार करणार नाहीस ना?’ असं विचारू नका. तक्रार आधीच झाली असेल तर त्या मुलाला फोन करू नका, मित्रामार्फत निरोपही नको, कारण त्याचा अर्थ दबाव असाच होतो. चॅट पुसू नका. समितीने बोलावलं की घडलं तेवढं, घडलं तसं सांगा. वकील किंवा पालक सोबत असावेत असं वाटलं तर समितीला आधी विचारा.